हायड्राच्या धक्क्यावर पहिल्यांदा उतरताय? पायऱ्या चढायच्या आधी हे वाचून घ्या

ग्रीसला जाणारे आपले बहुतेक लोक सँटोरिनी नाहीतर मिकोनोस करतात आणि अथेन्सपासून दीड-दोन तासांवर असलेलं हायड्रा "डे ट्रिपमध्ये बघू" म्हणून सोडून देतात, किंवा तीन बेटांच्या क्रूझवर तासभर उतरतात, फोटो काढतात आणि परत बोटीत. मी दोनदा राहून आलोय, एकदा मित्रांबरोबर आणि एकदा आई-बाबांना घेऊन, आणि दुसऱ्या वेळी जे सुरळीत झालं ते फक्त पहिल्या वेळी जे गंडलं त्यामुळे. म्हणून हे लिहितोय. निसर्गवर्णन इथे मिळणार नाही, बंदरात काय कुठे मिळतं, काय मिळत नाही आणि कोणत्या क्रमाने उरकायचं एवढंच.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. ह्या बेटावर गाड्या नाहीत. रिक्षा नाही, स्कूटर नाही, टॅक्सी म्हणजे पाण्यातली. कचऱ्याची गाडी वगैरे एक-दोन कामाची वाहनं सोडली तर चाक दिसतं ते हातगाडीचं. आपल्याला हे कळायला सोपं आहे कारण आपल्याकडे माथेरान आहे, फक्त इथे घोड्याच्या जागी खेचर आणि गाढव, लाल मातीच्या जागी दगडी पायऱ्या, आणि दस्तुरी नाक्याच्या जागी समुद्र. गाव बंदराभोवती घोड्याच्या नालेसारखं वर चढत गेलंय, अगदी नाटकाच्या प्रेक्षागृहासारखं, आणि सगळ्या सोयी खाली, नालेच्या आत, दहा मिनिटांच्या चालण्यात. वर फक्त घरं आणि पायऱ्या. म्हणजे खाली विसरलेली प्रत्येक वस्तू, मग ती पाण्याची बाटली असो की क्रोसिन, दीडशे पायऱ्यांना पडते. ह्या लेखातलं बाकी सगळं ह्याच एका गोष्टीवरून आलंय.

बोटीत बसायच्या आधी

हायड्राला विमानतळ नाही. बोट पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या मोठ्या बंदरातून. एअरपोर्टवरून पिरेअसला मेट्रोची निळी लाइन 2022 च्या ऑक्टोबरपासून थेट जाते, आधी मध्ये बदलायला लागायची, आणि एक्स 96 नंबरची बस चोवीस तास असते, ती स्वस्त पण ट्रॅफिकमध्ये अडकली तर अडकली. सकाळची बोट असेल तर मेट्रोच घ्या. आणि मेट्रोत पाकिटाला हात लावून बसा, दादर स्टेशनला बसता तसं.

पिरेअस म्हणजे मांडव्याची जेट्टी नाही हो. गेट ई1 ते ई12 असे नंबर आहेत आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला बऱ्यापैकी वेळ लागतो, सूटकेस ओढत तर विचारूच नका. सॅरोनिक आखातातल्या बेटांच्या (हायड्रा त्यातलंच एक) बोटी साधारण ई8-ई9 च्या बाजूने सुटतात पण तिकिटावर आणि बोर्डावर जे लिहिलंय तेच खरं, कारण बदलतं. मेट्रो स्टेशनवरून ह्या गेटपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं धरा. आम्ही पहिल्या वेळी "बंदर आलं म्हणजे पोचलो" असं समजून आरामात कॉफी घेतली, आणि मग चौघंजण धावत.

बोट म्हणजे कॅटमरान, हायस्पीड, फक्त माणसांची. गाड्या चढवतात तशी मोठी फेरी हायड्राला पिरेअसहून जात नाही, जाऊन करणार काय, गाडी उतरवायला जागाच नाही. एका बाजूचं तिकीट 40 युरोच्या आसपास पकडून चाला, मोसमाप्रमाणे थोडं वर-खाली. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे टाका आणि पासपोर्ट जवळ ठेवा. जुलै-ऑगस्टचे वीकेंड, ईस्टर, 15 ऑगस्टची मेरीच्या सणाची सुट्टी आणि जूनच्या शेवटी होणारा मियाऊलिया उत्सव, ह्या दिवसांत तिकीट आधीच काढा, तिथे जाऊन बघू म्हणाल तर अथेन्समध्येच राहाल. मियाऊलिया हा अ‍ॅडमिरल आंद्रेयास मियाऊलिसच्या नावाने असतो, 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धात ह्या एवढ्याशा बेटाने आपली व्यापारी जहाजं लढायला दिली आणि मियाऊलिस त्यांचा पुढारी, तर त्या रात्री बंदरात बोट पेटवून देतात, भारी असतं, पण गर्दी आपल्या गणपती विसर्जनाची आठवण करून देणारी.

आता दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. एक, वारा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेलतेमी नावाचा वारा सुटतो आणि फार वाढला की कोस्टगार्ड बोटी बंद करतं, ह्याला तिथे "अपागोरेफ्तिको" म्हणतात, हा शब्द ऐकला की समजून जा. हायस्पीड बोटी मोठ्या फेरींपेक्षा आधी थांबतात. दोन, संप. खलाशांच्या युनियनचा चोवीस तासांचा संप अधूनमधून असतो, 1 मेला तर धरूनच चाला. म्हणून परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी हायड्राहून निघायचा प्लॅन करू नका. आदली रात्र अथेन्समध्ये. हे मी हात जोडून सांगतोय.

गाडी भाड्याने घेऊन पेलोपोनीजमध्ये, म्हणजे ग्रीसच्या मुख्य भूमीच्या दक्षिण भागात, फिरत असाल तर दुसरा रस्ता आहे, मेतोही. बेटाच्या समोरच मुख्य भूमीवरचा छोटा धक्का, तिथे पार्किंगमध्ये गाडी टाकायची आणि छोट्या बोटीने वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे. म्हणजे हा खरा दस्तुरी नाका. अथेन्सहून ड्राइव्ह अडीच तासांच्या आसपास आहे. पण रात्री उशिराच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, मोसम बघून वेळ विचारून घ्या.

बोट लागल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

बोट मध्ये पोरोसला थांबते आणि हायड्रानंतर पुढे स्पेत्सेसकडे जाते. थांबा अगदी थोड्या मिनिटांचा असतो, कोणी तुमच्यासाठी थांबणार नाही. सामान दाराजवळच्या रॅकमध्ये एकावर एक ठेवलेलं असतं, तुमची बॅग नेमकी तळाला. अनाउन्समेंट झाली की उठा, लोकल ट्रेनला ठाण्याला उतरायचं असतं तेव्हा मुलुंडला दारात येता तसं. पोरोसला चुकून उतरणारेही असतात, तेही बेट सुंदर आहे पण तुमचं हॉटेल तिकडे नाही.

उतरल्यावर लगेच वर जाऊ नका. आधी हॉटेलवाल्याला फोन करा. खरं तर हा फोन बुकिंग करतानाच करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "धक्क्यापासून किती पायऱ्या?" मिनिटं विचारू नका, पायऱ्या विचारा. मिनिटं सगळे पाचच सांगतात. आम्हाला पहिल्या वेळी "फाइव्ह मिनिट्स" सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं, तिथल्या आजीबाई पाच मिनिटांत जातात, मी अठ्ठावीस किलोची बॅग घेऊन वीस मिनिटांत गेलो आणि नंतर तासभर बोललो नाही. रस्त्यांना नावं असली तरी पत्ता सांगताना ती फारशी कोणी वापरत नाही, "चर्चच्या मागे, निळ्या दाराच्या डावीकडे" असा पत्ता असतो, त्यामुळे बरेच हॉटेलवाले स्वतःच धक्क्यावर घ्यायला येतात. विचारलं तर येतात. विचारा.

सामानाचे पर्याय असे. धक्क्यावरून गावाकडे वळलात की खेचरं रांगेत उभी दिसतील, सोबत त्यांचे मालक. हे टुरिस्टांना फिरवायचं नाटक नाही, ह्या बेटावरचा फ्रीज, सिमेंट, विटा, बिसलेरी सगळं ह्यांच्याच पाठीवरून वर जातं. भाव आधी ठरवा, हॉटेलचं नाव सांगा, त्यांना प्रत्येक घर माहीत असतं. पैसे रोख. बॅगा खेचरावर टाकायच्या आणि तुम्ही मागून चालत जायचं, हे सगळ्यात उत्तम. स्वतः बसायचं का हा तुमचा प्रश्न, मी तरी बसलो नाही, आणि ग्रीसमध्ये 2018 पासून नियमही आहे की गाढवा-खेचरावर 100 किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको. खेचर दमलेलं, जखमी वाटलं तर दुसरं बघा. हातगाडीवालेही असतात, ते सपाट भागापुरते बरे. आणि तुमचं हॉटेल बंदराच्या पश्चिमेला कामिनी किंवा व्लिहोस ह्या वस्त्यांच्या बाजूला असेल तर थेट वॉटर टॅक्सी.

वॉटर टॅक्सी म्हणजे छोट्या मोटरबोटी, बंदरातच उभ्या असतात. महत्त्वाचं म्हणजे भाडं माणशी नाही, बोटीमागे असतं. म्हणजे दोघं गेलात तर महाग, सहाजण गेलात तर परवडतं, म्हणून धक्क्यावर बिनधास्त विचारा की कोणी तिकडेच जाणारं आहे का, शेअर करतात लोक, आपल्या शेअर रिक्षासारखं. दरपत्रक लावलेलं असतं ते बघूनच बसा. रात्रीचे आणि दूरच्या किनाऱ्यांचे दर वेगळे.

आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा मी खोली मुद्दाम बंदराच्या पातळीवर घेतली. व्ह्यू नाही, सकाळी सहाला बोटींचा आवाज, पण बाबांच्या गुडघ्यांनी माझे आभार मानले. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर व्ह्यू विसरा. व्हीलचेअर असेल तर बंदराचा वर्तुळाकार भाग बऱ्यापैकी जमतो, पण तोही दगडी फरशीचा आहे, आणि त्याच्या वर काहीच जमत नाही, खोटं कशाला सांगू.

वर चढायच्या आधी खाली काय काय उरकायचं

पैसे. एटीएम बंदरावरच आहेत. बँकेचं एटीएम वापरा, बँकेचं नाव नसलेल्या रंगीत डब्यांचा चार्ज जास्त असतो. मशीन विचारेल की रुपयात कापू की युरोत, युरोच म्हणा, रुपयात म्हणालात की त्यांचा रेट लागतो आणि तो रेट बघून रडू येतं. हॉटेल-दुकानांत कार्ड चालतं पण खेचरवाला आणि वॉटर टॅक्सी यांच्यासाठी रोख ठेवाच. बँकेच्या काउंटरचं काम असेल तर दुपारी दोननंतर विसरा.

पाणी. गंमत म्हणजे बेटाच्या नावाचा अर्थच पाण्याशी जोडलेला, आणि गोडं पाणी म्हणाल तर मुख्य अडचण तीच. अनेक वर्षं पाणी टँकर-जहाजाने यायचं, आता समुद्राचं पाणी गोडं करतात. नळाचं पाणी आंघोळीला ठीक, प्यायला बाटलीचंच घ्या, आणि बाटल्या खालीच घ्या, वर जाताना खेचरावर एक सहाचा पॅक टाकला की झालं. आंघोळ आटोपशीर करा, लातूर-मराठवाड्याकडच्या माणसाला हे सांगायला नको. अजून एक, टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नसतो, बाजूला डबा असतो त्यात. सगळ्या ग्रीसमध्ये हेच, पाइप अरुंद आहेत.

किराणा आणि बेकरी बंदरालगतच्या गल्ल्यांत, एक-दोन वळणं आत. दुकानं दुपारी दोन-अडीच ते पाच-साडेपाच बंद असू शकतात, पुणेकरांनी उगाच नाक मुरडू नये. दुपारच्या बोटीने पोचणार असाल तर पिरेअसलाच बिस्किटं-फळं घेऊन ठेवा.

औषधं. हिरवा क्रॉस दिसला की फार्मसी, ग्रीकमध्ये "फार्माकीओ". रविवारी आणि काही दुपारी बंद, पण दारावर चिठ्ठी असते की ड्युटीवर कोण. अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाहीत, आपल्याकडच्या केमिस्टची सवय इथे चालणार नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घेऊन जा, ते अपागोरेफ्तिको आठवतंय ना. गावात छोटं सरकारी हॉस्पिटल आहे, साधं दुखणं, टाके, ताप तिथे होतं, पण मोठं काही झालं तर बोटीने नाहीतर हेलिकॉप्टरने अथेन्सकडे नेतात, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हलवण्याचा खर्च धरलाय का ते निघायच्या आधी बघा. नंबर लिहून ठेवा: 112 सगळ्यासाठी, इंग्रजीत बोलतात. 166 अँब्युलन्स, 100 पोलीस, 108 कोस्टगार्ड. आपल्याकडे 108 म्हणजे अँब्युलन्स, तिथे समुद्रातली मदत, घोळ करू नका.

पोर्ट पोलीस म्हणजे "लिमेनार्हीओ", बोट आज सुटणार की नाही हे खात्रीने कोणी सांगेल तर ते, किंवा तिकिटाचं ऑफिस. चहाच्या टपरीवरच्या, म्हणजे इथे कॅफेतल्या, अंदाजावर जाऊ नका. जाता जाता परतीच्या बोटीची वेळ तिकीट ऑफिसमध्ये पुन्हा विचारून घ्या, मोसम बदलताना टाइमटेबल बदलतं.

सार्वजनिक टॉयलेटच्या भरवशावर राहू नका, कॅफेत एक फ्रेडो कॅपुचिनो, म्हणजे थंड कॉफी, घ्यायची आणि तिथलं वापरायचं. पहिल्या रांगेतले कॅफे महाग, एक गल्ली आत गेलात की फरक पडतो.

भाषेचं एकच सांगतो कारण ते बंदरात फार नडतं. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. आपल्याला ते "नाही"च्या जवळचं वाटतं. बाबांनी तिकीटवाल्याला विचारलं, ही बोट पिरेअसची का, तो म्हणाला "ने, ने", आणि बाबा बॅग घेऊन परत फिरले. नाही म्हणजे "ओही".

शाकाहारींसाठी

उपाशी राहात नाही, काळजी नको. सकाळी बेकरीत स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि फेटा चीजचा खुसखुशीत पाय, आणि तिरोपिता, नुसत्या चीजचा. टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरची (बिनमटणाची आहे ना ते विचारा), यिगान्देस म्हणजे टोमॅटोतले मोठे पांढरे पावटे, फासोलाकिया म्हणजे फरसबीची भाजी, आणि फावा, जी आपल्या घट्ट वरणाची सख्खी बहीण आहे, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. आईने पहिल्या घासाला "ह्यात हिंग हवा होता" म्हटलं आणि पूर्ण प्लेट संपवली. जैन किंवा अंडं-दूध न खाणाऱ्यांनी "निस्तीसिमो" हा शब्द लक्षात ठेवावा, म्हणजे त्यांच्या उपवासाचं, त्यात मांस-अंडं-दूध नसतं. पण कोळंबी-कालवं त्यांच्या उपवासाला चालतात! त्यामुळे तेवढं वेगळं विचारा.

स्वतःच्या यॉटने येणाऱ्यांसाठी थोडंसं

आजकाल आपली मुलं सेलिंगचं लायसन्स काढून ग्रीसमध्ये बोट चार्टर करतात, मर्चंट नेव्हीवाले तर हमखास. त्यांना सांगणं एवढंच की हे बंदर लहान आहे आणि प्रसिद्ध आहे, हे दोन्ही एकत्र वाईट. बोटी नांगर टाकून मागच्या बाजूने धक्क्याला लागतात, उन्हाळ्यात एकापुढे एक दोन-तीन रांगा होतात, आणि सकाळी निघताना एकमेकांच्या साखळ्या अडकलेल्या. धक्क्यावर कॉफी घेऊन हा तमाशा बघणं हा गावाचा करमणुकीचा कार्यक्रम आहे, तुम्ही त्यात कलाकार होऊ नका. जागा हवी तर दुपारच्या आधी पोचा. बंदराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे उत्तरेचा वारा आणि कॅटमरानच्या लाटा दोन्ही आत येतात. जमत नसेल तर समोरचं एरमिओनी गाठा आणि हायड्राला फेरीने या. सात मीटरच्या वरच्या बोटीला तेपाय नावाचा कर लागतो, चार्टर कंपनीने भरलाय का ते कागदावर बघून घ्या.

नेव्हीवाल्यांसाठी अजून एक, धक्क्यालगत एका जुन्या वाड्यात मर्चंट मरीनची अकादमी आहे, सुरुवात 1749 ची सांगतात. पांढऱ्या युनिफॉर्ममधली पोरं दिसतात. माझा मित्र जहाजावर आहे, तो दहा मिनिटं नुसता दारासमोर उभा होता.

मोकळ्या वेळात, बंदर न सोडता

दिवसभराच्या क्रूझवाल्यांचा लोंढा दुपारी येतो आणि जातो, तेव्हा बंदरात बसू नका. पश्चिमेच्या टोकाला जुन्या तोफा आहेत, तिथून खाली खडकांवरून शिडीने थेट समुद्रात उतरतात, जागेचं नाव स्पिलिया. वाळू नाही, उथळ पाणी नाही, पोहता येत नसेल तर उतरू नका. खडकांवर काटेवाले सी अर्चिन असतात, पायात रबरी बूट घाला. लहान मुलं असतील तर कामिनीकडे चालत पंधरा-वीस मिनिटं, रस्ता समुद्राच्या कडेने आणि बराचसा सपाट. ऊन फार असेल तर घड्याळाच्या टॉवरच्या दारातून आत जा, मागे जुन्या मठाचं अंगण आहे, बाहेर एवढी गर्दी आणि आत मांजरं झोपलेली. मांजरं सगळीकडे आहेत. खुर्चीवर बसण्याआधी बघून बसा.

परत निघताना

खेचरवाल्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, सकाळी सगळ्यांनाच खाली यायचं असतं. बोट यायच्या अर्धा तास आधी धक्क्यावर, आणि बोर्डावर बोटीचं नाव वाचून चढा, कारण स्पेत्सेसकडे जाणारी आणि पिरेअसकडे जाणारी बोट बाहेरून सारखीच दिसते. बंदरात आमिग्दालोता मिळतात, बदामाचे मऊ पांढरे पेढे म्हणा, फुलांच्या पाण्याचा वास असलेले, घरी न्यायला एक डबा घ्या. बोटीत उघडू नका. त्यावर पिठीसाखरेचा थर असतो आणि कॅटमरानने पोरोसजवळ एक उडी मारली तेव्हा तो सगळा थर शेजारच्या काकांच्या काळ्या पँटवर गेला.